तळ्याकाठची लगोरी

डोंगरावर दगडावर दगड उगाच ठेवायचा नसतो. खाली शहरात गच्चीत ठेवा, बागेत ठेवा, कुणी विचारायला येणार नाही. पण झाडं संपली, माती संपली, नुसता खडक आणि खुरटं गवत उरलं की वाट म्हणून काही दिसतच नाही. त्यात धुकं उतरलं की माणूस एकाच गोष्टीवर भरवसा ठेवतो, कुणीतरी मुद्दाम रचून ठेवलेल्या दगडांवर. डोंगर चढणाऱ्या मंडळींच्या क्लबात अशा ढिगाला लगोरी म्हणत. एका लगोरीपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे, हा एक नियम. आणि येणाजाणाऱ्याने तिच्यावर एक दगड ठेवून पुढं जायचं, हा दुसरा, म्हणजे हिवाळ्यात बर्फाने पाडली तरी उन्हाळ्यात ती पुन्हा उभी राहते. हे नियम अख्ख्या क्लबाला ज्याने कानीकपाळी ओरडून शिकवले त्याची ही गोष्ट. आणि चूक झाली तीही त्याच्याच हातून.

त्याला सगळे लिफ्टवाले म्हणत. काम तेच. उंच इमारतींच्या डोक्यावरच्या मशीनच्या खोलीत उकिडवं बसून दोर तपासायचे, कप्पीच्या खाचा पुसायच्या, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना बाहेरून ओरडून धीर द्यायचा. अडकलेली माणसं आधी शिव्या देतात, मग रडकुंडीला येतात आणि दार उघडलं की घड्याळात बघत निघून जातात, आभारबिभार काही नाही. त्याला त्याचं काही वाटत नसे. अंगाला ग्रीसचा वास कायमचा चिकटलेला, तो साबणालाही दाद देत नसे. "आठवडाभर लोकांना बसल्या जागी वर नेतो आणि रविवारी स्वतः तंगड्या तोडत जातो," असं क्लबाचे अध्यक्ष दर रविवारी म्हणायचे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, त्यामुळे समोरच्याने तोंड उघडायच्या आत बोलून घ्यायची त्यांना सवय होती.

क्लबातलं त्याचं काम खुणा राखायचं. पाठीवरच्या पिशवीत लाल रंगाचा डबा, दोन ब्रश, तारेचा घासणीब्रश. उन्हाळा सुरू झाला की पहिली फेरी त्याची. खडकावरचे फिकट झालेले पट्टे पुन्हा रंगवायचे, पडलेल्या लगोऱ्या उभ्या करायच्या. कुणी गंमत म्हणून भलत्याच जागी दगड रचलेले दिसले की लाथ मारून उडवायचा. "हौस भागवायची तर घरी भागवा," म्हणायचा. एकदा एका शाळेच्या सहलीने तळ्याकाठी हौसेने दगडांचे मनोरे केले होते, तर याने मुलांसमोर सगळे पाडले. मुलं रडली, मास्तर चिडले, याच्या कपाळावर आठीसुद्धा नाही.

त्याची आवडती वाट एकच. सकाळी बसने पायथ्याला उतरायचं, पाइनच्या झाडांतून चढायचं आणि दुपारच्या आत वरच्या तळ्यापाशी पोचायचं. ते तळं म्हणजे डोंगराच्या ओंजळीत उरलेलं बर्फाचं पाणी. कडेला भर उन्हाळ्यातही मळकट बर्फाची चिंधी पडलेली. पण त्या थोडक्या दिवसांत काठावर फुलं येतात. निळी, पिवळी, मध्येच एखादा जांभळा झुबका, सगळी इतकी बुटकी की वाकल्याशिवाय दिसत नाहीत. तळ्यापासून वाट डावीकडे वळते आणि उघड्या धारेवरून थेट शिखराला जाते. उजवीकडे थोडा सपाट खडक, त्याच्यामागे उतार, आणि उताराखाली घळ. घळीचं तोंड वरून गवताने झाकलेलं असतं. बघणाऱ्याला वाटावं, इथूनच वाट खाली उतरते.

त्या सपाट खडकावर त्याची बायको बसायची.

तीही क्लबात सगळ्यांची वहिनी. कपडे अल्टर करायच्या दुकानात ती दिवसभर मशीनवर वाकून बसे, दुसऱ्यांच्या पँटी आखूड करी. लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तो तिला तळ्यापर्यंत घेऊन आला. तिथवर येईतोच तिला धाप लागली. "तू बस इथं, मी पटकन जाऊन येतो," तो म्हणाला. ती खडकावर टेकली आणि हात झटकून म्हणाली, "जा बाई, जा. तुमचं शिखर तुम्हाला लखलाभ. माझी फुलं बरी नि मी बरी." बरोबरचे सगळे हसले. झालं, तेव्हापासून तो क्लबाचा विनोदच होऊन बसला. तळं आलं की कुणीतरी विचारायचं, "वहिनी, येताय ना वर?" आणि वहिनी तेच उत्तर द्यायच्या. मग ही मंडळी शिखरावर जाऊन फोटो काढून उतरत, तोवर तिने सगळ्यांचे डबे उघडून ठेवलेले असत. लेक झाली, मोठी झाली, तीही बापाबरोबर वर जाऊ लागली. बायको तिथंच. वर्षानुवर्षं हेच चाललं.

तिचं दुखणं छातीचंच निघालं. ज्या धापेवर सगळे हसले ती धाप साधी नव्हती. पण तपासणीत ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. पुढचा उन्हाळा काही तिने पाहिला नाही.

तो पहिल्या फेरीला एकटा गेला. तळ्यापाशी पोचला, सवयीने पिशवी उतरवून खडकाशी ठेवली आणि जेवणाचा डबा कुणाच्या हाती द्यायचा हेच त्याला कळेना. मग त्याने काठावरचे चापट दगड आणले आणि खडकावर एकावर एक रचले. गुडघ्याएवढे, जास्त नाही. आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण तो स्वतःशी म्हणाला, एवढीशी तर आहे, वाटेवरून दिसतसुद्धा नाही.

क्लबातल्या लोकांनी पाहिली. समजायचं ते समजले. दुसऱ्या रविवारी अध्यक्षांनी टोपी काढली आणि तिच्यावर एक दगड ठेवला. मग प्रत्येकाने ठेवला. आणि लगोरी दिसली की दगड ठेवायचा हे त्या वाटेवरच्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं, मग तो क्लबाचा असो नाहीतर परका. उन्हाळा सरेपर्यंत ती कमरेएवढी झाली, पुढच्या उन्हाळ्यात छातीएवढी. दर फेरीला तो लांबूनच बघायचा, आज किती वाढली. लेकीला फोन करून सांगायचा, "आईची आठवण ठेवतात गं लोक. ओळख ना देख, तरी ठेवतात." त्या दोन वर्षांत त्याला बरं वाटावं असं एवढंच होतं.

ही लगोरी आता डावीकडच्या खऱ्या खुणेपेक्षा उंच झाली होती. त्याने ते पाहिलं. डोळ्यांना दिसलं आणि मनाने कानाडोळा केला. दुसऱ्या कुणाची असती तर त्याने कधीच लाथ मारली असती.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी धुक्यात एक बाई चुकल्या. शाळेत गाणं शिकवणाऱ्या, एकट्याच हिंडायची आवड असलेल्या. तळ्यावरून पुढं निघाल्या आणि घळीत घसरल्या. रात्रभर तिथंच पडून होत्या, सकाळी सापडल्या. जीव वाचला. पण पाय ठिकठिकाणी मोडला होता, आणि गुडघा आता वाकणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

क्लबाची बैठक अध्यक्षांच्या दवाखान्यात भरली, खुर्च्या कमी म्हणून निम्मे लोक भिंतीला टेकून. बाई कुठून गेल्या, कशा गेल्या, सगळी चर्चा झाली. धुक्यावर बोलणं झालं, बाईंच्या बुटांवर झालं, एकटीने जाऊ नये यावर तर फारच झालं. उजवीकडच्या लगोरीचं नाव कुणी घेईना. सगळ्यांच्या नजरा दातांच्या तक्त्यावर. शेवटी अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "तिथं एखादी पाटी लावू या का? वाट इकडे नाही अशी?"

"धुक्यात हात दिसत नाही, पाटी वाचणार कोण?" तो म्हणाला. "लोकांनी डोळे उघडे ठेवावेत. लाल पट्टा डावीकडे आहे, चांगला ठसठशीत. मी स्वतः रंगवलाय."

"तसं नव्हे, लिफ्टवाले, पण..."

"पण काय?"

पणच्या पुढं अध्यक्षांची मजल गेली नाही. एरवी दुसऱ्याच्या तोंडात हात घालणारा माणूस, त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या तोंडाला कुलूप. बैठक चहा पिऊन संपली. तो जिना उतरताना रागाने फणफणत होता, आणि राग कुणावर तेच त्याला उमगेना. खरं म्हणजे कुणीतरी पाडा म्हणावं, मग आपण भांडावं, याचीच तो वाट बघत होता. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

दोन दिवसांनी तो इस्पितळात गेला. बाईंची चूक त्यांच्याच तोंडून ऐकावी, म्हणजे आपण मोकळे, असा त्याचा हिशोब होता. बाई खाटेवर, पाय वर टांगलेला. त्याने क्लबाचं नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"खुणा रंगवता ते तुम्हीच ना? अहो, तुमच्या भरवशावर तर आम्ही फिरतो."

"धुक्यात काय झालं?"

"काय सांगू. तळ्याच्या कडेने दोनदा फिरून त्याच जागी आले. रडायच्या बेतात होते. आणि मग ती लगोरी दिसली. एवढी उंच, एवढी नीट रचलेली. जीव भांड्यात पडला हो माझा. म्हटलं, सुटले. एक दगडसुद्धा ठेवला तिच्यावर, आणि सरळ पुढं गेले."

त्याने टांगलेल्या पायाकडे पाहिलं. लाल पट्टा का दिसला नाही, हे विचारायला तो आला होता. ते आता कुठल्या तोंडाने विचारणार.

"ती वाटेची नव्हती," तो म्हणाला. "माझी बायको तिथं बसायची. ती गेल्यावर मी रचली ती."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, ते तसंच अर्धवट राहिलं. मग त्यांनी विचारलं, "आणि वाटेची कुठं होती?"

"डावीकडे. तुमच्या पाठीमागे."

बाईंनी मान खिडकीकडे वळवली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला चाललं असतं, लिफ्टमध्ये अडकलेल्यांच्या त्याने काय थोड्या ऐकल्या होत्या. नर्स आली तेव्हा तो उठला.

घरी लेक आली होती. औषधांच्या दुकानातली पाळी संपवून ती आठवड्यातून एकदा येई, फ्रिजमधलं शिळंपाकं काढून टाकी आणि बापाला रागवे. त्या दिवशी तिने त्याचा चेहरा पाहिला आणि फ्रिजचं दार लावून टाकलं. त्याने सगळं सांगितलं.

"पाडतो मी ती रविवारी," तो म्हणाला. "पण मग तिचं राहिलं काय गं? तिची तेवढी एक जागा होती. तिथंच ती खूश असायची."

लेक ओट्याला टेकून उभी होती. ती बोलू की नको करत होती हे त्यालाही दिसलं.

"बोल की."

"बाबा, आईला ती जागा आवडत नव्हती."

"काहीतरीच काय."

"मलाच म्हणाली होती. मी लहान होते, एकदा ताप होता म्हणून मी तिच्याजवळ खाली राहिले, तेव्हा. मी विचारलं, आई, तुला वर नाही का गं जायचं? तर म्हणाली, पहिल्या वर्षी जायचं होतं. दम लागला होता, थोडं थांबले असते तुझे बाबा तर हळूहळू गेले असते मी. पण ते निघालेसुद्धा. मग म्हटलं, चार लोकांत रडण्यापेक्षा हसलेलं बरं."

"मला का नाही म्हणाली?"

"तुम्ही विचारलंत कधी? दर वेळी हसत होतात सगळे. त्या हसण्यात ती काय बोलणार?" लेकीचा आवाज चढला होता, तो तिने खाली आणला. "तिला थंडी वाजायची तिथं. तुम्ही येईपर्यंत. शाल आणायची ती पिशवीच्या तळाशी लपवून, तुम्हाला ओझं वाटू नये म्हणून."

ती शाल त्याला आठवत होती. डबे गुंडाळायला आणते, अशी त्याची इतकी वर्षं समजूत. तो खुर्चीवर बसला तो बसलाच. लेकीला वाईट वाटलं, तिने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही, आणि घ्यावं असं त्यालाही वाटलं नाही.

रविवारी त्याने लगोरी पाडली. लाथ मारवली नाही. एकेक दगड उचलून तळ्यात टाकला. मोठे होते ते कमरेशी धरून नेले. मधूनच हातात त्याने स्वतः निवडलेला एखादा चापट दगड येई, तो ओळखू येई. दुपार टळून गेली तेव्हा खडक मोकळा झाला. बाजूची फुलं तेवढी त्याच्याच बुटांनी तुडवली गेली होती. तो शिखरावर न जाता खाली उतरला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माणसाची खोड जात नाही. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या फेरीला तो तळ्यापाशी आला तर खडकावर दगड. चार पाच, एकावर एक. तिथं लगोरी असते हे कुणाला तरी आठवलं, जागेवर दिसली नाही, त्याने चांगल्या मनाने पुन्हा उभी केली. त्याचा नियम त्याच्यावरच उलटला. त्याने दगड तळ्यात टाकले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तो ते उचलत असताना एक परकं टोळकं आलं, त्यांना वाटलं म्हातारा रचतोय. "काका, आमचाही एक," म्हणत एकाने दगड आणून ठेवला. याला रागवायचं होतं. पण ते पुढं गेल्यावर त्याने तो दगडही तळ्यात टाकला, एवढंच.

मग तो तिथं बसू लागला. पाटी लावली असती, खडकावर मोठी लाल फुली मारली असती, तरी निम्मं काम झालं असतं, हे त्याला कळत होतं. फुली त्याने मारलीही. तरी बसला. सकाळी क्लबाबरोबर चढायचं, तळं आलं की पिशवी उतरवायची आणि सपाट खडकावर टेकायचं. येणाऱ्याला सांगायचं, "इकडून नाही. डावीकडे." धुकं असलं की मोठ्याने ओरडून सांगायचं. लिफ्टमधल्या लोकांना धीर देणारा आवाज तो, दूरवर जाई. दुपारी थंडी वाजू लागे, तळ्यावरून येणारा वारा हाडांपर्यंत शिरे. तेव्हा तो पिशवीच्या तळातून ती शाल काढी.

क्लबातल्या जुन्या लोकांना हे बघवत नसे. ते नजर चुकवून जात. नव्यांना काही माहीत नव्हतं. एका स्वच्छ उन्हाच्या रविवारी, फुलं ऐन भरात असताना, नव्यातल्या एका मुलीने जाता जाता विचारलं, "काका, तुम्ही नाही येत वर?"

"तुमचं शिखर तुम्हाला लखलाभ," तो म्हणाला. "माझी फुलं बरी नि मी बरा."

सगळे हसले. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग मंडळी डावीकडे वळली आणि धारेला लागली.

एरवी त्याची नजर खालून येणाऱ्यांवर असे, आज तो वर जाणाऱ्यांकडे बघत बसला. त्याची अशी समजूत होती की तळं सोडून पहिलं वळण घेतलं की माणूस खडकाआड जातो आणि खाली बसलेल्याला दिसेनासा होतो. तसं काही नव्हतं. त्या सपाट खडकावरून सगळी धार उघडी दिसत होती. मंडळी लहान लहान होत गेली, मुंगीएवढी झाली, तरी दिसत होती, पार शिखराला टेकेपर्यंत. ती सगळी वर्षं ती इथं बसून त्याची पाठ बघत असणार. एकदा जरी वळून पाहिलं असतं, तरी त्याला ती दिसली असती.